पेटीत मासे नव्हते

बर्फ घातलेल्या माशांच्या थर्माकोल पेटीचा वास आला, की मला देवबागहून सुटलेली ती सकाळची एसटी आठवते. त्या वर्षी माझं तोंड शहाळ्यासारखं गोल झालं होतं, पोट सुटलं होतं, हातपाय मात्र काटकुळे. आणि अख्खी वाडी म्हणायची, खाऊन खाऊन फुगली. डॉक्टरांना संशय वेगळाच होता. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी एक हार्मोन जास्त बनवतात का, हे तपासायला त्यांनी दिवसरात्रीची सगळी लघवी कॅनमध्ये साठवून थंड ठेवायला सांगितली. सासूबाई फ्रीजला पाठ लावून उभ्या राहिल्या, “हयसर सोलकढी आसा, ता मूत भितूर ठेवचा नाय!” मग मी नवऱ्याला माशांची पेटी आणि बर्फ आणायला लावला. दुसऱ्या दिवशी कॅन बर्फात ठेवलेली ती पेटी मांडीवर घेऊन कुडाळच्या लॅबला जायला एसटीत बसले. बर्फाचं पाणी साडीवर गळत होतं. शेजारच्या बाईने वास घेत विचारलं, “मासे खंयचे गो? सुरमय आसा काय?” नवरा कानात पुटपुटला, “होय म्हण.” मी झाकणच उघडलं. “मासे नाय, माझा मूत आसा. मी खाऊन फुगलंय की दुखण्यान, ता आता ह्याच सांगतला.” कुडाळपर्यंत आमच्या बाजूला कोणी बसलं नाही. दोष ग्रंथीचाच निघाला, ऑपरेशन झालं. आजही पंगतीत एखादी म्हणते, “बारीक झालंस गो, खाणा कमी केलंस?” तिच्या वाटीत सोलकढी पडेपर्यंत मी थांबते, आणि मग ही गोष्ट पहिल्यापासून, मोठ्याने सांगते.