एकोणीस पूर्ण, शिल्लक शून्य

तीन आठवडे आमच्या घरात एकाच गोष्टीवरून चिडचिड चालली होती: वाट कोणी बघायची. माझी बायको मोठ्या इस्पितळात संगणकाचं काम करते. आजूबाजूच्या एकोणीस छोट्या दवाखान्यांत काढलेले एक्स-रे तिच्या प्रोग्रॅमने आणायचे आणि मग मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी ते बघायचे, अशी पद्धत.

जुना प्रोग्रॅम एकेका दवाखान्याकडे रांगेने जायचा. एखाद्याची लाईन रडतखडत चालली की हा तिथेच ठाण मांडून बसे आणि मागचे सगळे ताटकळत. साहेबांनी फर्मान काढलं, एक तारखेपासून एकोणीसही एकदम आले पाहिजेत. तिने सी भाषेत नवा लिहायला घेतला. कुणापाशी अडून बसायचं नाही. ज्याच्याकडे जेवढं तयार असेल तेवढं उचलायचं आणि पुढच्याकडे वळायचं.

ऐकायला सोपं. पहिल्या खेपेला प्रोग्रॅमने क्षणभरही न थांबता एकोणीस जणांना "आलं का, आलं का" करून भंडावून सोडलं. काम काडीचं नाही आणि मशीनचा पंखा नुसता बोंबलतोय. ती घरी आली ती फणकारतच. "लहान पोर परवडलं, ते विचारून थकतं तरी." मग तिने त्याला झोपायला शिकवलं, कुणी हाक मारली तरच उठायचं. तर तो उठेचना. तिने केसांत पेन्सिल खोचली की समजायचं, आज बोलायची सोय नाही. माझ्या छापखान्यातल्या तपासलेल्या कागदांच्या पाठीवर तिचे बाण आणि चौकोन उमटायचे. दोनदा न तपासलेल्या कागदांवरही उमटले, त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.

मी मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर माझं पोट चालतं, त्यामुळे कुणी न विचारताही मला मत असतं. प्रोग्रॅम चालू लागला तेव्हा तिने मला पडद्याचा फोटो दाखवला: "एकोणीस संपले, शिल्लक शून्य."

मी म्हटलं, "अगं, इस्पितळात 'एकोणीस संपले' लिहितेस? कुणा नातेवाइकाने वाचलं तर धाय मोकलून रडेल. 'पूर्ण' लिही."

ती तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली आणि तिने शब्द बदलला. मी दोन दिवस मिशीला पीळ देत हिंडलो.

त्याच आठवड्यात आई न्हाणीघरात घसरली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात खुब्याचा एक्स-रे काढला. "काही निघालं तर मोठ्या इस्पितळातून संध्याकाळपर्यंत फोन येईल," तिथली नर्स म्हणाली. "नाही आला तर काळजी करू नका." फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी बायकोने कामावर मुद्दाम पडदा बघितला. एकोणीस पूर्ण, शिल्लक शून्य.

"आई, सगळे फोटो पोचलेत. मुका मार आहे, घाबरू नका."

"दुखतंय गं पण."

"पडल्यावर दुखणारच," हे मी. "चालल्याशिवाय मोकळं होणार नाही."

रोज सकाळी मी तिला हाताला धरून दारापासून खिडकीपर्यंत चालवलं. वीस फेऱ्या. ती कण्हली की मी वैतागायचो, कारण मला छापखान्यात पोचायचं असे. पाचव्या दिवशी तिने पलंगावरून पाय खाली सोडले आणि तिला उठताच येईना.

त्या दिवशी बायकोने आकडा बघितला नाही, आईचा फोटोच शोधला. तो नव्हता. तिने मला छापखान्यात फोन केला.

"अर्ध्यात लाईन तुटली होती. शून्य म्हणजे आता कुणाचं काही चालू नाही, एवढंच. नीट आलं की मध्येच मेलं, याची प्रत्येक दवाखान्यामागे मशीन वेगळी चिठ्ठी ठेवतं. ती वाचायचं काम मी घाईत मागे ठेवलं." मग हळूच म्हणाली, "'संपले' बरोबर होतं रे."

माझी कानशिलं तापली. साहेबांचा राग आला, त्या लाईनचा आला, नर्सचा आला आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या शहाण्या शब्दाचा आला. बायकोने मात्र रागात वेळ घालवला नाही. त्या दवाखान्याचे सात फोटो आले नव्हते. तिने ते पुन्हा मागवले आणि डॉक्टर ते बघेपर्यंत त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. सहा जण सुखरूप निघाले.

आईच्या हाडाला केसाएवढा तडा होता. पडून राहिली असती तर कदाचित तेवढ्यावर भागलं असतं, डॉक्टर म्हणाले. चालून हाड सरकलं होतं. आता ऑपरेशन, आणि पुढे काठीशिवाय चालता येईल की नाही ते आत्ता कुणी सांगू शकत नव्हतं.

संध्याकाळी वॉर्डात बायकोने आईला सगळं सांगितलं, त्या शून्यापासून चिठ्ठ्यांपर्यंत, काही न लपवता. "चूक माझी आहे, आई." मी मध्ये तोंड घातलं, शब्द माझा होता म्हणून. लाईन कशी खराब होती, तेही सांगायला लागलो.

आई डोळे मिटून ऐकत होती.

"मशीनचं मला काही कळत नाही," ती म्हणाली. "पण दुखतंय, दुखतंय, असं मी रोज म्हणत होते ना? तुम्ही दोघं तर घरातच होतात."