समासातला शेरा

माझी मुलगी तेव्हा बावीस वर्षांची होती. एखाद्या मैत्रिणीने फोन उचलला नाही की तिला जगणं नकोसं व्हायचं, आणि तासाभराने तीच मैत्रीण जगात सर्वांत चांगली असायची. दोनदा तिला इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टरांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असं नाव सांगितलं. त्याआधी तीन वर्षं मी त्याला नाटकं म्हणत होते. त्याची मला आजही लाज वाटते.

उपचार गुरुग्रामला होता, औषधांचा कमी आणि बोलण्या-शिकण्याचा जास्त. आठवड्यातून एकदा ती थेरपिस्टशी एकटीने बोलायची, एकदा गटात बसून भावना अनावर झाल्या की काय करायचं ते शिकायची. पालकांनाही वर्ग होता. आजार तिला आणि शाळा मला! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं पुटपुटत मी दिल्लीतल्या आर. के. पुरमहून मेट्रोने जायचे.

मुलीला रोज एक तक्ता भरायचा होता. आज राग किती, दुःख किती, स्वतःला इजा करावीशी किती वाटली, शून्य ते पाच. एका गुरुवारी तो जेवणाच्या टेबलावर पडलेला मला दिसला. सरकारी नोकरीत सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईसमोर कागद उघडा ठेवू नये. मी पेन काढलं आणि समासात लिहिलं, 'राग ५? कारण स्पष्ट नाही. चर्चा करावी.' खाली सही आणि तारीख.

तिने तक्त्याचे तुकडे केले. "मी तुझी फाइल आहे का गं? आता मी तिकडे जाणारच नाही. बिल्कुल नाही!"

मला धडकीच भरली. आमच्याकडे दुसरा उपाय उरला नव्हता. हे थांबलं तर पुढच्या वेळी इस्पितळ गाठेपर्यंत उशीर झालेला असेल, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी थेरपिस्टला फोन केला. तिने दोघींना बोलावलं. मुलगी म्हणाली, "शेवटचं येते. तुझी तक्रार करायला."

थेरपिस्ट माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी बोलणी खायच्या तयारीने बसले होते, पण तिने कुणालाच दोष दिला नाही. "गुरुवार को ठीक से देखते हैं," म्हणाली, आणि गुंता सोडवावा तसा तो गुरुवारचा दिवस उलटा उलगडू लागली. तक्ता फाडण्याआधी काय झालं? शेरा. शेऱ्याआधी? मैत्रिणीने मेसेज वाचून उत्तर दिलं नव्हतं. त्याआधी? सकाळपासून पोटात काही नव्हतं. प्रत्येक पायरीवर थांबून ती मुलीला विचारायची, इथे वेगळं काय करता आलं असतं? मी थक्क होऊन ऐकत होते. इतकी वर्षं ज्याला मी 'अचानक' म्हणत आले, त्यात अचानक असं काहीच नव्हतं.

मग ती माझ्याकडे वळली. "और आप, मैम? पेन उठाने से पहले?"

सवय, असं सांगणार होते. तोंडून निघालं, "डर लगा था." इजेच्या रकान्यात चारचा आकडा होता. तो बघितल्यावर माझ्या हातांना रागावरच्या शेऱ्यापलीकडे काही लिहिताच आलं नव्हतं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटायचं, आईला फक्त राग येतो. पुढच्या आठवड्यात ती आपणहून थेरपीला निघाली.

गेल्या महिन्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं. ती बाथरूममध्ये गेली, पण दार उघडं ठेवून. बादलीभर पाण्यात तिने बर्फ ओतला, श्वास रोखला आणि आवेग उतरवायला गटात शिकवल्याप्रमाणे चेहरा त्यात बुडवला. एकदा, दोनदा, तीनदा. मी दाराशी गप्प उभी राहिले, जे मला जन्मात जमलं नव्हतं. केवढं अवघड काम, आणि ही पोर ते एकटीने करत होती! माझ्याच पोटची, पण मला तिच्यापुढे हात जोडावेसे वाटले.

ती ओल्या तोंडाने बाहेर आली. "आई, मघाशी मरावंसं वाटत होतं. आता नुसता राग आलाय. तुझाच."

"येऊ दे," मी म्हटलं. "हवा तेवढा येऊ दे." आणि मला रडू फुटलं.