येळवशीच्या रानात

झांजीबारच्या धक्क्यावर त्या सकाळी लवंगा वाळत घातल्या होत्या. बोट बरीच आत गेली तरी तो वास अंगाला चिकटून होता. निरोप द्यायला आलेल्या एका बाईंनी विचारले होते, "मायदेशी चाललीस ना, मग परदेशी जाणाऱ्यासारखी रडतेस कशाला?" माझा जन्म झांजीबारचा, आईवडील रत्नागिरीकडचे, आणि हिंदुस्थान मी कधी पाहिलाच नव्हता. नर्सचे शिक्षण संपल्यावर सोलापूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात सहा महिने बिनपगारी काम करायचे मी ठरवले होते. मला तो परमुलूखच होता.

मुंबईहून निघालेल्या गाडीत कुर्डुवाडीला उजाडले. खिडकीबाहेर एकही नारळाचे झाड नव्हते. काळी सपाट जमीन, तिच्यावर ज्वारी, आणि वर एवढे मोठे आकाश की समुद्रावरसुद्धा मला इतके मोठे वाटले नव्हते. सोलापुरात उतरले तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता. टांगेवाला माझ्याशी दखनी उर्दूत बोलला, वाटेत कुणाशी कानडीत भांडला, आणि माझे मराठी ऐकून हसला. "बाई, तुमी कोकणातल्या व्हय?" मी म्हटले, "आफ्रिकेतली." त्यावर तो दवाखाना येईपर्यंत मागे वळून वळून माझ्याकडे बघत राहिला.

मार्गशीर्ष संपत आला तेव्हा अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका गावात देवीचे रोगी सापडल्याची बातमी आली. शेजारच्या गावातल्या मुलांना टोचायचे म्हणून दवाखान्याचे कंपाउंडर बसप्पा आणि मी लशीच्या नळ्या घेऊन छकड्यातून निघालो. बसप्पा पन्नाशीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. गावात शिरलो तर सगळ्या दारांना कड्या. चावडीपाशी एक लंगडे कुत्रे तेवढे होते. बसप्पांनी कपाळाला हात लावला.

"आज येळवस की, बाई! माझ्या ध्यानातच राहिलं न्हाय. समदं गाव रानात गेलं असणार."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी इकडे घरात चूल पेटत नाही, सगळे जण शेतात जाऊन पूजा करून जेवतात. मला राग आला. दुसऱ्या दिवशी दुसरे गाव होते. पण बसप्पांनी छकडा रानाकडे वळवला.

पहिल्याच शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप (खोप) उभी होती. आत चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा चालली होती. एक म्हातारी मडक्यातली आंबील (ताकातली ज्वारीची पातळ पेज) पिकावर शिंपडत होती. तिचे नाव गंगव्वा. आम्ही कोण, कशाला आलो, हे न विचारताच तिने आम्हाला बसवले. वाल, पावटे, हरभरा, मेथी असे हाताला लागेल ते घालून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे) आणि वर आंबील. आजूबाजूच्या शेतांतली माणसेही येऊन बसली. मी तिसऱ्यांदा भज्जी घेतली तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

जेवणे झाल्यावर बसप्पांनी कानडीत आणि मराठीत आमचे काम सांगितले. थोडी कुजबुज झाली, मग एकेक आई पोर घेऊन पुढे आली. गंगव्वाच्या सुनेने आपली दोन वर्षांची निंगी उचलली, तोच म्हातारीने सुनेला मागे ओढले.

"न्हाय. देवीला डिवचायचं न्हाय. ती आपणहून येती, आपणहून जाती."

"आजी," मी म्हटले, "माझ्या तोंडाकडे बघा."

माझ्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत. सकाळपासून सगळ्यांनी ते पाहिले होते, पण कुणी बोलले नव्हते.

"मी सहा वर्षांची होते, भाऊ चार वर्षांचा. आईला टोचायची भीती वाटली. दोघांनाही देवी आल्या. मी उठले, तो उठला नाही."

म्हातारीने माझ्या गालावरच्या वणांवरून बोट फिरवले. मग तिने चोळीची बाही वर सरकवली. दंडावर हिरवे गोंदण होते.

"आदी मला टोच. हितं जागा हाय का बघ. मी आठ दिस नीट ऱ्हायले तर पोरीला हात लाव."

मी बसप्पांकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली. मी टोचले.

नंतर गंगव्वाचा मुलगा सिद्राम आम्हाला पलीकडचा माळ दाखवायला घेऊन गेला. वाळलेले सोनेरी गवत, मधूनच बोरीची झुडपे. गवतातून माणसाच्या कमरेएवढा एक पक्षी डौलात चालला होता. "माळढोक," सिद्राम हळूच म्हणाला. पक्षी थोडा धावला, जड पंख हलवत वर उठला आणि जमिनीलगतच लांब उडत गेला. एवढे सुंदर दृश्य मी अर्ध्याच मनाने पाहिले. या वयात पहिल्यांदा टोचले की ताप येतो, हे मला ठाऊक होते. म्हातारी खरेच अंथरुणाला खिळली तर निंगीच काय, त्या गावातले एकही पोर पुन्हा आमच्या हाती लागणार नव्हते.

ते आठ दिवस मी मोजून काढले. आठव्या दिवशी छकड्यातून उतरले तर सिद्राम दारातच उभा. चेहरा उतरलेला.

"आईला लई ताप हुता. तीन दिस काई खाल्लं न्हाय."

मी आत धावले. गंगव्वा भिंतीला टेकून बसली होती. दंड सुजलेला, टोचल्या जागी टपोरा फोड.

"ताप आला की," ती म्हणाली. "पण मेले न्हाय." आणि निंगीला तिने स्वतःच्या मांडीवर घेतले, तिचा दंड धरला. मी टोचले तशी निंगीने आकांत केला. म्हातारीने डोळे मिटून घेतले, पण हात सोडला नाही.

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेची गर्दी उसळली. नंदीध्वजांच्या उंच काठ्या डोलत येत होत्या, 'हर्र बोला हर्र'चा घोष चालला होता. त्या गर्दीतून गंगव्वा निंगीला कडेवर घेऊन मला शोधत आली. माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि निंगीची खपली धरलेली जागा आधी मला आणि मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बायकांना दाखवली. "माजी नात हाय. आन् ही टोचणारी बाय."

चैत्रात मी परत निघाले. बोटीवरचे दिवस मोठे असतात, विचाराला वेळ मिळतो. मी गेले तेव्हा मनात पक्के होते की नको म्हणणारी माणसे अडाणी असतात. गंगव्वा घाबरलेली होती, एवढेच. आणि तिने त्या भीतीची परीक्षा स्वतःच्या अंगावर घेतली. माझ्या आईला तसे करायची वाट कुणी दाखवलीच नव्हती.

घरी आल्यावर मी हे सगळे आईला सांगितले. आमच्या घरात भावाचे नाव कधी निघत नसे. आई तांदूळ निवडत ऐकत होती. माझे बोलणे संपले तरी हात चालूच होते. मग ते थांबले.

"त्या म्हातारीला माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"तुला भीती वाटली, एवढंच."

आईने मान डोलावली. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ती म्हणाली, "आपला दत्तू असता तर आता बावीस वर्षांचा असता." आणि आम्ही दोघी उरलेले तांदूळ निवडायला बसलो.