कुंजंबुएट्टनची पाच नावं

त्रेचाळीस सभासदांनी याद्या दिल्या. आणि ज्या एका माणसाच्या यादीसाठी मी स्मरणिकेचं पहिलं पान राखून ठेवलं होतं, त्याने मला तीन आठवडे वाटाण्याच्या अक्षता लावल्या. छापखान्यातून रोज फोन यायचा, मी रोज उद्यावर ढकलायचे. शेवटी सोमवारी सकाळी मजकूर पोचला नाही तर काम परत करीन, असं छापखानेवाल्याने स्वच्छ सांगितलं.

आमच्या फिल्म सोसायटीला यंदा पस्तीस वर्षं झाली. कण्णूरपासून बसने तासाभराच्या अंतरावरचं गाव, गावात वाचनालय, वाचनालयाच्या माडीवर आम्ही. स्मरणिकेत काय छापायचं यावर बैठक बसली तेव्हा प्रेमराजनने टूम काढली. प्रत्येकाने गेल्या तीस वर्षांतले आपले आवडते पाच दिग्दर्शक लिहून द्यायचे, आणि ज्याला सगळ्यांत जास्त मतं, त्याचे सिनेमे डिसेंबरात तीन दिवस दाखवायचे. हा प्रेमराजन सहकारी बँकेत मॅनेजर होता. जगात कुठेही महोत्सव झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या दुकानात तिथल्या विजेत्याची थोरवी सांगत बसतो. सिनेमा बघायच्या आधीच! म्हणून सचिव या नात्याने मी नियम घातला: ज्याचे निदान तीन सिनेमे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत, त्याचंच नाव द्यायचं.

"टीचर, हा नियम माझ्यासाठी काढलात ना?" प्रेमराजनने विचारलं.

"छे रे, तुझ्या आजोबांसाठी."

सगळे हसले. मीही हसले. आपण फार हुशारी केली असं मला वाटलं होतं.

मग सुरू झाली भांडणं. आमच्याकडे परदेशी दिग्दर्शकांची नावं कोणाच्या जिभेवर बसत नाहीत, त्यामुळे माणूस देशावरून ओळखायचा. तैवानवाला, तुर्कीवाला, जॉर्जियावाला. इराणवाले तीन झाले तेव्हा थोरला, मधला आणि धाकटा अशी वाटणी झाली. आता मतांच्या वेळी थोरला कोण आणि मधला कोण यावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. एकाने पाचही नावं मल्याळी दिली, तर दुसऱ्याने त्याला विहिरीतला बेडूक म्हटलं. मी हायस्कुलात तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण इतका वात वर्गातल्या पोरांनीही आणला नव्हता.

हे सगळं मी सोसलं. पण कुंजंबुएट्टन गप्प बसला, ते मात्र मला सोसेना.

कुंजंबू विडी कामगार; एट्टन म्हणजे थोरला भाऊ, सगळं गाव त्याला तसंच म्हणतं. आमच्याकडे विड्यांच्या कारखान्यात एकजण मोठ्याने पेपर वाचतो आणि बाकीचे त्याच्या वाटणीच्या विड्या वळून देतात. कुंजंबू तसा वाचणारा होता. त्याचा आवाज असा, की अग्रलेख वाचला तरी लोकांचे हात थांबायचे, म्हणून मुकादम त्याला नाटकी बातम्या वाचू द्यायचा नाही. सोसायटी काढली तेव्हा आमची पंचाईत ही होती, की सिनेमे यायचे परदेशी, पडद्यावर ओळी इंग्रजी, आणि बघायला येणार विडी कामगार, विणकर, मासळीवाल्या. मी संवाद मल्याळममध्ये वहीत उतरवून काढायचे आणि कुंजंबुएट्टन ते माइकवर वाचायचा. म्हातारा, बाई, पोर, पोलीस, सगळ्यांचे आवाज तोच. बावीस वर्षं. गावाने अख्खं जग त्याच्या तोंडून ऐकलं. नंतर मल्याळम ओळी असलेल्या डीव्हीडी मिळायला लागल्या आणि वाचणाऱ्याची गरज उरली नाही.

अशा माणसाची यादी पहिल्या पानावर नको तर कोणाची?

पहिल्यांदा त्याच्या घरी गेले तेव्हा म्हणाला, "विचार करतोय, टीचर." दुसऱ्यांदा मला उकडलेला कप्पा नावाचा कंद आणि मिरचीची चटणी खायला घातली आणि पावसावर बोलत बसला. तिसऱ्यांदा त्याची बायको कार्त्यायनी दारात आली. "ते घरात नाहीत," म्हणाली, आणि मागच्या पडवीतून त्याचा खोकला ऐकू आला. चौथ्यांदा, शनिवारी, माझं डोकंच फिरलं. तो ओट्यावर बसला होता. मी छत्रीसुद्धा मिटली नाही.

"कुंजंबुएट्टा, शिंगं फुटली का तुम्हाला? पाच नावं लिहायला तीन आठवडे? आमच्या याद्या तुम्हाला पोरकट वाटतात, तर तसं तोंडावर सांगा!"

कार्त्यायनी आतून ओरडली, "बरं झालं! मी रोज हेच सांगतेय. त्या बिचाऱ्या टीचरना किती पळवाल?"

डावा पाय उचलून त्याने वरच्या पायरीवर ठेवला.

"टीचर, हे काय आहे?"

"अंगठा. त्याचं काय?"

"दोरी कशाला बांधायचात तुम्ही याला?"

हे तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. माडीवर वीज घ्यायची जागा एकच, पडद्याच्या शेजारी, आणि माइकची तार आखूड. कुंजंबू पडद्याकडे तोंड करून बसला, तर वहीवर धरलेल्या बॅटरीचा उजेड पडद्यावर पडायचा. म्हणून तो लोकांकडे तोंड करून बसायचा. मी पहिल्या रांगेत. त्याच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात. एक हिसका म्हणजे पुढची ओळ वाच, दोन हिसके म्हणजे थांब.

"मग पडदा कुठे होता?" त्याने विचारलं.

मी छत्री मिटली.

"माझ्या पाठीमागे," तोच म्हणाला. "मला जानु मासळीवाली दिसायची. तुम्ही दिसायचात. नियम तुमचाच आहे, टीचर. तीन सिनेमे, स्वतःच्या डोळ्यांनी. माझा एकही झालेला नाही."

"आणि नंतर? ओळी मल्याळममध्ये आल्यावर?"

"आलो होतो एकदा. मागच्या रांगेत बसलो. ओळ दिसली की तोंडातून निघायचीच. प्रेमराजनने 'शूऽऽ' केलं. मग नाही आलो."

मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखीच संताप आला. बावीस वर्षं मी या माणसाचा चेहरा आणि त्याच्यामागचा पडदा एका नजरेत पाहत होते. मला हे सुचू नये? मी तिथल्या तिथे ठरवलं. उद्या रविवार. सकाळी दहा वाजता माडीवर यायचं. जॉर्जियावाल्याचे तीन सिनेमे एका दिवसात. निदान एक नाव तरी नियमात बसेल.

जॉर्जियावालाच का, तर त्रेचाळीसपैकी छत्तीस याद्यांत त्याचं नाव होतं, माझ्या यादीत तर पहिलंच. त्याचं कारण एक म्हातारी. गावात पाव भाजणारी, तिचा एकुलता मुलगा शहराला निघतो, आणि ती शेवटी म्हणते, "जा. दार मी लावणार नाही." कुंजंबुएट्टनने ती ओळ वाचली तेव्हा त्याचा आवाज असा फाटला, की माडीवर एकही डोळा कोरडा राहिला नाही. जानु मासळीवालीने टोपली छातीशी धरून हंबरडा फोडला. लोकांच्या हट्टापायी तो सिनेमा आम्ही आणखी चार वेळा दाखवला. आजही आमच्या गावातून कोणी दुबईला, कतारला निघालं, की बसपाशी आई हेच वाक्य म्हणते आणि रडते.

रविवारी तो इस्त्रीचं मुंडू नेसून आला. सोबत कार्त्यायनी, तिच्या हातात केळ्याच्या भज्यांचा पुडा. मी खिडक्या लावल्या आणि त्याला मधोमध खुर्ची दिली. पहिली दहा मिनिटं त्याचे ओठ हलत होते. मग थांबले. पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो बघत राहिला. मला वाटलं, चला, गाडं मार्गाला लागलं.

शेवट आला. म्हातारी उंबऱ्यात बसून अक्रोड फोडतेय. मुलगा बॅग घेऊन उभा. तिने अक्रोडाचा तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता, डोळे मिचकावत, ती ओळ म्हणाली.

"थांबवा," कुंजंबुएट्टन म्हणाला. "परत दाखवा."

मी परत दाखवलं. मग पुन्हा. चौथ्यांदा तो उठून पडद्याजवळ गेला.

"ही हसतेय."

"हो."

"पोराची थट्टा करतेय. तू कुठे जातोस, आठ दिवसांत परत येशील, असं म्हणतेय."

"हो."

"मी कसं वाचलं होतं?"

उत्तर कार्त्यायनीने दिलं. "मी तर दोन दिवस जेवले नव्हते," ती म्हणाली, आणि भज्यांचा पुडा मांडीवर तसाच राहिला.

"छत्तीस मतं म्हणता," तो म्हणाला. "ती पडलीत कोणाला? त्या बिचाऱ्याने हसायला सांगितलं होतं. मी अख्खं गाव रडवलं. टीचर, तुम्हाला दिसत होतं ना?"

दिसत होतं. पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पुढे त्याचा आवाज कापत होता आणि मागे म्हातारी अक्रोड चघळत होती. दोन हिसके देऊन त्याला थांबवायला हवं होतं. दुसऱ्या खेळाआधी निदान सांगायला तरी हवं होतं. पण मी मागे वळून पाहिलं तर सगळी माडी हुंदके देत होती, आणि वाक्य मी लिहिलेलं होतं. मला ते रडणं आवडलं. पाच खेळांत पाचही वेळा मी दोरी ओढली.

"तुम्ही इतकं छान वाचत होता..." मी म्हणाले.

"माझी पडद्याकडे पाठ होती, टीचर. दोरी तुमच्या हातात होती."

खिशातून त्याने यादीचा कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. मीच दिलेला, पाच आकडे घातलेला, पुढे काही नाही. "हा माणूस चांगला असणार," पडद्याकडे बघत तो म्हणाला. "पण त्याच्या कामाचं मी वाटोळं केलं. आता कुठल्या तोंडाने त्याला मत देऊ? आणि दुसऱ्या कोणाचं काय केलंय, ते मला बघायचं नाही." जिन्याने तो सावकाश खाली उतरला. उरलेले दोन सिनेमे तसेच राहिले.

सोमवारी सकाळी मजकुराची पिशवी घेऊन मी बससाठी गेले. त्रेचाळीस याद्या, आणि वर पहिल्या पानासाठी तो कोरा कागद. तो तसाच छापायला सांगणार होते. बसपाशी जानुचा नातू उभा होता, कतारला निघालेला, नव्या बुटांत. जानु आता ऐंशीची आहे. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कुंजंबुएट्टनच्याच फाटलेल्या आवाजात म्हणाली, "जा. दार मी लावणार नाही." पोरगा ढसाढसा रडायला लागला. भोवतालच्या बायकाही रडायला लागल्या. एकीने माझा हात धरून म्हटलं, "काय वाक्य लिहिलंत हो, टीचर!"

मी तेव्हाही काही बोलले नाही.