ठाण्यात घेतलेलं नाव

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या, करवतीनं अंगठा गेलेल्या सुतारावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या भाकरीवरून त्याला उठवून नेलं. नेणारे निजाम सरकारचे शिपाई होते, हे साऱ्या गल्लीनं पाहिलं. गुन्हा काय, तर इंग्रजी हद्दीतून मी आणलेलं मराठी वर्तमानपत्र तो चावडीपुढं मोठ्यानं वाचायचा.

महिनाभर पत्ता लागला नाही. तेव्हा त्याची बायको, आमच्या वहिनी, तालुक्याच्या ठाण्यात गेल्या. सोबत मी होतो.

मुन्शी पान चघळत म्हणाला, "इथं कुनाला आनलं न्हाई. फरार झाला असंल. नाव काय त्याचं?"

नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी ते कधी उच्चारलं नव्हतं. "आमच्या थोरलीचे बाप," त्या म्हणाल्या.

शिपाई फिदीफिदी हसले. मुन्शी म्हणाला, "असं कसं लिव्हू? दर पोरीला बाप असतोच की."

मी नाव सांगायला तोंड उघडलं. "तू कोन बे? तुझा नवरा हाय का त्यो?" मुन्शी माझ्यावर खेकसला. "घरवालीनं सांगावं. नाव न्हाई तर मानूस न्हाई."

मी तावातावानं कायदा सांगू लागलो. वहिनींनी हातानंच थांबवलं. "भाऊजी, तुमी गप ऱ्हावा."

त्यांनी पदर सारखा केला आणि नाव घेतलं. त्याचं, मग सासऱ्याचं, मग आडनाव. आवाज पार रस्त्यावर गेला. बाहेर उकिडवी बसलेली माणसं उठून उभी राहिली.

मुन्शीनं वही ओढली. लिहिता लिहिता सवयीनं बोलून गेला, "हां, सुतारच ना त्यो? अंगठा तुटलेला?"

"म्या सुतार कुठं म्हनलं?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "अंगठ्याचं बी न्हाई म्हनलं. म्हंजे तुमी बघितलंय त्यास्नी."

वही मिटली. शिपायांनी आम्हाला पायरीखाली ढकललं.

जुलमावर मी लई जळजळीत पत्रकं लिहिली आहेत. त्यातल्या एकाही ओळीनं मुन्शीचं तोंड उघडलं नसतं.

आता दर बाजाराच्या दिवशी वहिनी त्याच पायरीवर उभ्या राहून नाव घेतात. मी ते इथं लिहीत नाही, त्यांच्या तोंडून ऐका. बाजाराला तुम्ही जाताच. मीठमिरची मागाहून घ्या. आधी ठाण्याच्या पायरीवर त्यांच्याशेजारी उभे राहा आणि मुन्शीला विचारा, सुतार कुठं ठेवलाय?