हँडलचा गिअर

बाबांनी आईला न विचारता आयुष्यात एकच गोष्ट विकली, आमची अँबेसडर. कंधारला आई शाळेत शिकवायची. गाडी तिला बाबांनीच शिकवली आणि ती त्यांच्यापेक्षा बरी चालवायला लागली, तिथंच बिनसलं. बायको चालवते अन् हे शेजारी बसतात, अशी चहाच्या हॉटेलात टिंगल सुरू झाली. एकदा आई माहेराहून परत आली तर अंगणात नुसता तेलाचा डाग. ती भांडली नाही. पण त्यानंतर तिनं कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. तिच्या त्या गप्प बसण्याचा मला अजूनही राग येतो.

गेल्या वर्षी बाबा नांदेडला माझ्याकडं आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "ती गाडी हुडकायची का? तुझ्या आईसाठी."

"बाबा, लई उशीर केलात."

"हाव. म्हणून तर घाई हाय."

गाडी विकली होती हदगावच्या एका कापूस व्यापाऱ्याला. तिथून ती अहमदपूरला नवरदेव मिरवायला गेली आणि शेवटी सापडली लातूरला, एका डाळमिलच्या मागं, ताडपत्रीखाली. नंबर तोच. चाकं मातीत रुतलेली आणि मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. पिल्लं निघेपर्यंत मालक गाडी हलवू देईना, म्हणून आम्ही थांबलो, मग बाबांनी ती आपल्या नावावर विकत घेतली.

लातूरच्याच एका मिस्त्रीनं पाच महिने खपून इंजिन बांधलं, गंजलेला पत्रा बदलला, पांढरा रंग दिला. वर आपल्या मनानं एक उपकारही केला. स्टिअरिंगजवळचा दांडा काढून त्यानं गिअर खाली, सीटशेजारी बसवला. "मॅडम, हँडलचा गिअर आता कोण वापरून राहिलंय?" तो मला म्हणाला. मी खूश, बाबाही खूश. आमची अक्कल तेवढीच.

आईला घेऊन आम्ही गॅरेजवर गेलो. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, आत बसली, क्लच दाबला. डावा हात न बघता स्टिअरिंगपाशी गेला आणि तिथं काहीच नव्हतं. तिनं पुन्हा चाचपलं. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, "ही माझी न्हाई," आणि उतरली. मला रडूच आलं.

जुना दांडा मिस्त्रीनं भंगारात देऊन टाकला होता. बाबा, जे घरात स्वतःचा चष्मा शोधत नाहीत, दोन दिवस भंगारवाल्याच्या ढिगात बसले आणि दांडा, त्याला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या सळयांसकट, शोधून आणला. "काका, महिना लागंल," मिस्त्री म्हणाला. "लागू दे," बाबा म्हणाले. त्या महिन्यात आई कुणाला न सांगता लायसन नवं करून आली. ते कळलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, जमतंय.

लातूरहून कंधारपर्यंत गाडी आईनं चालवली. बाबा शेजारी, मी मागं. गावात शिरताना बाबांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली आणि कोपर बाहेर काढून बसले. चौकातल्या ओळखीच्या प्रत्येकाला त्यांनी स्वतःहून हात केला.

घरी पोचल्यावर त्यांनी सवयीनं चावीसाठी हात पुढं केला. आईनं चावी पर्समध्ये टाकली.

"आधी कागद माझ्या नावावर करा."

"उद्याच नांदेडला आरटीओत जातो," बाबा म्हणाले.

"तुम्ही एकटे कशाला? दोघं जाऊ. मी नेते."