भागामावशीची वरमाय

भागामावशीच्या पदराच्या गाठीत कायम एक नट असायचा. सिनेमातला नव्हे, ट्रॅक्टरचा. द्राक्षबागेत शिरली की ती गाठ सोडायची आणि मण्याला नट लावून बघायची. मणी आरपार गेला तर तो ‘उपाशी’, अडकला तर ‘जेवलेला’. कोल्हारच्या आसपासच्या बागांत घड विरळायला आणि मणी फुगवायच्या औषधात बुडवायला बायकांची टोळी जायची, तिची ती मुकादम. माझी आईही त्याच टोळीत होती. विरळणीची कात्री धरायला मला मावशीनंच शिकवलं. “द्राक्ष लेकरावानी असतं, जेवल्याबिगर अंग धरत न्हाई,” हे तिचं ठरलेलं वाक्य.

शेतीची पदवी घेऊन मी गावी परतले आणि वडिलांच्या एका एकरात व्हर्मेंटिनो लावलं. इटलीतलं हे वाइनचं पांढरं द्राक्ष ऊन सोसतं, म्हणून हल्ली ते नव्या नव्या मुलखांत लावतात. आमच्या भागात मात्र ते पहिलंच. पहिलं पीक बघूनच पुढं माल घ्यायचा की नाही ते ठरवू, असं वायनरीच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. मावशीला ते नाव काही जमेना. दोन दिवस जीभ वळवून पाहिली आणि शेवटी ‘वरमाय’ म्हणून मोकळी झाली. मग काय, अख्खी वस्ती वरमाय म्हणू लागली, आणि मीसुद्धा.

हिला विरळायचं नाही, बुडवायचं नाही, एवढं मी मावशीला बजावलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. मावशीला काय कळणार, असं कुठंतरी माझ्या मनात असावं.

ऐन मणी धरायच्या वेळी आईचं ऑपरेशन निघालं आणि मी तीन आठवडे पुण्यात अडकले. परत आले ती तडक बागेत गेले आणि जागच्या जागी थिजले. माझेच घड मला ओळखू येईनात. वाटाण्याएवढे असायला हवेत ते मणी बोराएवढे झाले होते. मावशी हातात नट घेऊन उभी होती, टोळी तिच्या मागे.

“बघ, एकबी मणी पार जात न्हाई,” ती म्हणाली. “समद्या बाया सुट्टीच्या दिशी आपणहून आल्त्या, विरळायला नि बुडवायला. वरमाय हाय ती, पोरी. तिला उपाशी बसवून कसं चालंल?”

“वाटोळं केलंस,” मी ओरडले. “अडाणी ते अडाणीच.”

दहा बायका ऐकत होत्या. हा शब्द माझ्या तोंडून गेला यावर माझाच विश्वास बसेना. हाच शब्द एका बागायतदारानं माझ्या आईला ऐकवला, म्हणून याच मावशीनं भर हंगामात टोळी घेऊन त्याची बाग सोडली होती.

काय चुकलं ते तरी सांग, एवढंच ती म्हणाली. मग मी सांगितलं. वाइनला मणी बारीकच लागतो, कारण वास आणि चव सालीपाशी असते. मणी फुगला की नुसतं पाणी. तिनं हातातला नट पुन्हा पदराच्या गाठीत बांधला.

“म्हंजी हिला उपाशीच ठिवायची हुती. हे आदी का न्हाई सांगितलंस?”

तोडणीच्या वेळी साहेब आले, मणी चाखून थुंकले आणि गाडीकडे वळले. मावशी त्यांच्या आडवी गेली आणि “चूक माझ्या हाताची हाय, बागंची न्हाई,” असं तिनं त्यांना बजावलं. त्यांनी आणखी एक हंगाम दिला.

पुढच्या वर्षी मणी धरले त्या दिवशी तिनं पदराची गाठ सोडली आणि नट माझ्या तळहातावर ठेवला. “तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. माझा हात ऐकायचा न्हाई.” तो सगळा हंगाम ती पाठीमागे हात बांधून ओळींतून फिरली. माफी मागायची असं मी रोज ठरवायचे. मग म्हटलं, तोडणी झाल्यावर निवांत मागू.

तोडणीला आठ दिवस होते. सकाळी तिच्या लेकीचा फोन आला. चहा पिता पिता मावशी बसल्या जागी गेली होती. मी फोनवर तीनदा विचारलं, कोणती मावशी? आदल्या संध्याकाळी ती माझ्या बागेत होती.

तोडणीच्या दिवशी साहेबांनी मणी चाखला, डोळे मिटले आणि माल पसंत केला. ते गेल्यावर मी ओढणीची गाठ सोडून मण्याला नट लावला. मणी टपकन आरपार गेला.

“मावशी, उपाशी हाय गं,” मी मोठ्यानं म्हणाले. म्हणायचं होतं ते हे नव्हतं.